पूल दोन्ही काठांवर टेकतो

गेल्या वर्षीची गोष्ट आहे. नववीच्या वर्गात जुन्या मराठी वाङ्मयाचा परिचय करून देत असता फादर स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’चा उल्लेख निघाला. आम्ही फळ्यावर १६१६ हे साल लिहिले आणि पुढे बोलणार, तोच मागच्या बाकावरील एक विद्यार्थी उभा राहून म्हणाला, “सर, ज्यांनी आमची देवळे पाडली, त्यांच्यातल्याच एका पाद्र्याचे पुराण आम्ही कशासाठी शिकायचे?”

वर्ग स्तब्ध झाला. प्रश्न उद्धटपणे विचारलेला नव्हता. मुलाच्या मनात तो पुष्कळ दिवस घोळत असावा. त्याच्या पुढच्या रांगेत बसलेल्या एका ख्रिस्ती विद्यार्थिनीने मात्र मान खाली घातली आणि ती वहीच्या कोपऱ्यात उगाच रेघा ओढू लागली. प्रश्न तिला उद्देशून नव्हता, तरी तो तिलाच जाऊन लागला होता. तेवढ्यात तास संपल्याची घंटा झाली. आम्हांला त्या दिवशी हायसे वाटले, हे येथे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. कारण त्या प्रश्नाला देण्याजोगे उत्तर त्या क्षणी आमच्यापाशी नव्हते.

प्रश्न एका पुस्तकापुरता नव्हता. निराळ्या श्रद्धेची माणसे एकाच गावात, एकाच विहिरीच्या पाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या राहतात. त्यांच्या मागे दुःखाचा इतिहासही असतो. अशा माणसांमध्ये समजुतीचा पूल बांधता येतो काय, येत असल्यास तो कशाने बांधला जातो, आणि पूल बांधायचा म्हणजे झालेला अन्याय विसरायचा काय, असे तीन प्रश्न त्या एका प्रश्नाच्या पोटात होते. आमच्या गोमंतकाच्या भूमीने या तिन्ही प्रश्नांची उत्तरे आपल्या परीने दिलेली आहेत. ती विद्यार्थ्यांपुढे आणि त्यांच्या घरच्या वाचकांपुढे मांडावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम जे घडले ते जसे घडले तसे सांगितले पाहिजे. पोर्तुगिजांनी १५१० साली गोवा बेट जिंकले आणि १५४३ साली बारदेश व साष्टी हे महाल त्यांच्या हाती आले. त्यानंतरच्या काही दशकांत या तीन महालांतील देवळे पाडण्यात आली. साष्टीत १५६७ च्या सुमारास हा प्रकार मोठ्या प्रमाणावर झाला. भक्तांनी आपले देव रातोरात उचलून नदीपलीकडे, तेव्हा पोर्तुगीज सत्तेबाहेर असलेल्या मुलखात नेले. कुशस्थळीचा मंगेश १५६० साली अंत्रुज महालातील प्रियोळ येथे गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली. १५६० सालीच गोव्यात धर्मन्यायालय स्थापन झाले आणि मधला अल्प काळ सोडल्यास ते १८१२ पर्यंत चालले. यांतील एकही गोष्ट खोटी नाही, आणि कोणाला वाईट वाटेल म्हणून ती लपविण्याचेही कारण नाही.

परंतु याच इतिहासाचे दुसरे एक पान आहे, ते आपण सहसा उलटीत नाही. या सत्तेचा जाच केवळ हिंदूंनाच झाला असे नाही. जे ख्रिस्ती झाले होते, त्यांच्यावर तर धर्मन्यायालयाची नजर अधिकच कडक होती. १६८४ साली व्हाइसरॉयने हुकूम काढून लोकांनी तीन वर्षांच्या आत आपली कोकणी बोली सोडून पोर्तुगीज बोलावी असे फर्मावले. १७३६ सालच्या आज्ञापत्राने ख्रिस्ती घरांतील लग्नाची जुनी गाणी, जुने विधी, इतकेच काय, दारची तुळस देखील निषिद्ध ठरविली. म्हणजे आमच्या वर्गातील त्या मुलीची खापरपणजी ज्या ओव्या गुणगुणत असेल, त्या ओव्यांनाही गुन्हा ठरविणारी तीच सत्ता होती. जुलूम करणारे राज्य आणि त्या राज्याच्या धर्मात आलेली सामान्य प्रजा, या दोन गोष्टी एक नव्हेत. एवढा विवेक ठेवला तरी निम्मे काम होते.

आता फादर स्टीफन्स यांच्याकडे वळू. टॉमस स्टीफन्स हे मूळचे इंग्रज, विल्टशायर परगण्यातील. त्यांचा जन्म १५४९ च्या सुमाराचा. त्या काळी इंग्लंडात राणी एलिझाबेथचे राज्य होते आणि तेथे रोमन कॅथलिक पंथाच्या लोकांचा छळ होत असे. स्टीफन्स यांचे मित्र टॉमस पाउंड यांना त्यांच्या श्रद्धेपायी दीर्घकाळ तुरुंगात राहावे लागले. स्टीफन्स रोमला गेले, १५७५ साली येशूसंघात दाखल झाले आणि १५७९ च्या ऑक्टोबर महिन्यात लिस्बनहून समुद्रमार्गे गोव्यास पोहोचले. हिंदुस्थानात येऊन स्थायिक झालेला ज्ञात असा पहिला इंग्रज तो हाच. स्वदेशात ज्या श्रद्धेसाठी छळ सोसावा लागला असता, ती श्रद्धा घेऊन हा मनुष्य अशा देशात आला की जेथे त्याच श्रद्धेच्या नावाने इतरांचा छळ चालला होता. इतिहासात असे विलक्षण योग येतात. कोणताही धर्म सर्वत्र छळणारा नसतो आणि सर्वत्र छळलेलाही नसतो. सत्ता कोणाच्या हाती आहे, यावर ते पुष्कळदा ठरते.

स्टीफन्स यांचे पुढचे जवळजवळ सारे आयुष्य साष्टी महालात गेले. ते तेथे असतानाच, १५८३ च्या जुलै महिन्यात, कुंकळ्ळीची घटना घडली. देवळांच्या विध्वंसाने संतप्त झालेल्या कुंकळ्ळीकरांनी पाच येशूसंघीय पाद्र्यांना आणि त्यांच्याबरोबरच्या काही लोकांना ठार केले. पुढे बोलणी करण्याच्या निमित्ताने गावच्या गांवकरांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावण्यात आले आणि तेथे दगा करून त्यांना मारण्यात आले. दोन्ही बाजूंनी रक्त सांडले. मेलेल्या पाद्र्यांत स्टीफन्स यांच्या संघातलेच बंधू होते. अशा प्रसंगी एखाद्याच्या मनात केवळ सूड उरला असता.

त्याच वर्षी २४ ऑक्टोबर रोजी, म्हणजे घटनेनंतर अवघ्या तीन महिन्यांनी, स्टीफन्स यांनी आपल्या भावाला एक पत्र लिहिले. त्या पत्रात त्यांनी आपले एक निरीक्षण नमूद केले आहे: येथील भाषांची रचना ग्रीक व लॅटिन भाषांच्या रचनेशी जुळणारी आहे. सर विल्यम जोन्स यांनी संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांच्या नात्याविषयीचे सुप्रसिद्ध विधान १७८६ साली केले. त्याच्या दोनशे वर्षे आधी साष्टीतील एका पाद्र्याच्या कानाला ते नाते ऐकू आले होते. ज्या मुलखात आपली माणसे नुकतीच मारली गेली, त्या मुलखातील लोकांची बोली इतक्या अवधानाने ऐकणे ही लहान गोष्ट नव्हे. आमच्या मते पुलाचा पहिला दगड हाच होय. दुसऱ्याला काही सांगण्यापूर्वी त्याची भाषा ऐकावी लागते, आणि ऐकताना तिच्यात आपले नातेवाईक सापडतात.

त्यांनी कोकणी इतकी आत्मसात केली की तिचे व्याकरण लिहिले. ते त्यांच्या मृत्यूनंतर, १६४० साली, रायतूर येथे छापले गेले. कोकणीत लिहिलेली त्यांची धर्मशिक्षणाची पुस्तिका १६२२ साली प्रसिद्ध झाली. मात्र मोठा ग्रंथ लिहिण्याची वेळ आली तेव्हा त्यांनी मराठी निवडली. याचे कारण आम्हां कोकणी बोलणाऱ्यांना सहज उमजेल. घरात कोकणी आणि पोथीत मराठी ही त्या काळच्या गोमंतकीयांची रीत होती. हरिकथा मराठीत, पुराण मराठीत, ओवी मराठीत. माणसाच्या पोटाची भाषा एक आणि त्याच्या प्रार्थनेच्या घरची भाषा दुसरी, हे ओळखून स्टीफन्स यांनी दोहींचाही मान राखला. त्यांच्या मराठीत कोकणी शब्द जागोजागी डोकावतात, ते यामुळेच.

ग्रंथाचा जन्म कसा झाला, हे त्यांनी ग्रंथाच्या आरंभीच कथारूपाने सांगितले आहे. नव्याने ख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण पाद्र्याला विनंती करतो. त्याच्या म्हणण्याचा आशय असा, की आमची जुनी पुराणे तर तुम्ही बंद केलीत. मग आम्ही आता वाचावे काय? त्यांच्या जागी तसेच काही आम्हांला द्या. हा प्रसंग वाचताना आम्ही नेहमी थांबतो. त्या विनंतीत गाऱ्हाणे आहे आणि भूकही आहे. धर्म बदलला तरी रात्री दिव्याजवळ बसून चार माणसांत ओवी ऐकण्याची गोडी बदलली नव्हती. स्टीफन्स यांनी ते गाऱ्हाणे दडपले नाही. आपल्या ग्रंथाच्या उंबरठ्यावरच त्याला जागा दिली.

मग त्यांनी जवळजवळ अकरा हजार ओव्यांचे पुराण रचले. त्याचे दोन भाग आहेत. ‘पैले पुराण’ बायबलच्या जुन्या कराराची कथा सांगते, त्यात ३६ अवस्वर म्हणजे अध्याय आहेत. ‘दुसरे पुराण’ येशूचे चरित्र सांगते, त्यात ५९ अवस्वर आहेत. नाव पुराण, छंद ओवीचा, स्वर्गाला शब्द वैकुंठ. इकडे महाराष्ट्रात एकनाथ महाराज १५९९ साली समाधिस्थ झाले, त्यानंतर सतरा वर्षांतच हा ग्रंथ रायतूर येथे छापला गेला. हिंदुस्थानातला पहिला छापखाना १५५६ साली गोव्यातच सुरू झाला होता. परंतु देवनागरीचे खिळे उपलब्ध नसल्यामुळे मराठी भाषेचा हा ग्रंथ रोमन लिपीत छापावा लागला. १६४९ व १६५४ साली त्याच्या आणखी आवृत्त्या निघाल्या. स्टीफन्स १६१९ साली गोव्यातच वारले.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, नाही तर आमच्या त्या विद्यार्थ्याला आम्ही अर्धेच सत्य सांगितले असे होईल. स्टीफन्स हे धर्मप्रचारक होते. लोकांनी ख्रिस्ती व्हावे, झालेल्यांनी ख्रिस्ती राहावे, हा त्यांचा हेतू होता आणि तो त्यांनी लपविलेला नाही. सत्तेचे पाठबळही त्यांच्या बाजूला होते. पूल त्यांनी आपल्या काठावरून, आपल्या कामासाठी बांधला. पण पुलाचे एक वैशिष्ट्य असे असते की तो एकदा उभा राहिला म्हणजे त्यावरून कोणी कोणत्या दिशेने जावे, हे बांधणाऱ्याच्या हाती राहत नाही. आज ‘ख्रिस्तपुराण’ वाचणारा हिंदू विद्यार्थी ख्रिस्ती होत नाही. आपली ओवी परक्याच्या मुखातही किती गोड लागते, हे त्याला कळते. आणि ते वाचणाऱ्या ख्रिस्ती विद्यार्थ्याला कळते, की मराठी ही त्याला उसनी मिळालेली भाषा नसून तिच्या मंदिरात त्याच्या पूर्वजांच्या नावाचीही एक पायरी आहे.

पुढे या ग्रंथाचे काय झाले, तेही बोधप्रद आहे. गोव्यातील भाषाविरोधी धोरणामुळे तो तेथे मागे पडला. १६५४ नंतर अडीचशे वर्षे त्याची नवी आवृत्ती निघाली नाही, आणि पहिल्या तीन आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. तथापि मंगळूरकडच्या ख्रिस्ती कुटुंबांनी हस्तलिखिते जपली, घरांतून त्याचे वाचन चालू ठेवले. त्या हस्तलिखितांच्या आधारे जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ साली मंगळूर येथे ग्रंथाची आवृत्ती काढली. लंडनमध्ये त्याची देवनागरी लिपीतील हस्तलिखित प्रत आढळली. आणि १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी पुण्यात त्याची देवनागरी आवृत्ती प्रसिद्ध केली. ज्ञानोबा-तुकोबांच्या परंपरेत वाढलेल्या संपादकाने इंग्रज पाद्र्याचे पुराण मराठी वाचकांच्या हाती त्यांच्याच लिपीत ठेवले, तेव्हा पुलाचे दुसरे टोक आपल्या काठावर टेकले. एकाच काठावरून पुढे आलेले बांधकाम कितीही भक्कम असले तरी ते धक्काच राहते. दोन्ही काठांवर टेकल्यावाचून त्याला पूल म्हणता येत नाही.

हे झाले विद्वानांचे काम. परंतु समजुतीचे सगळेच पूल ग्रंथांनी बांधले जात नाहीत. ज्यांना लिहिता-वाचता येत नव्हते, अशा गोमंतकीय खेडुतांनी जे पूल बांधले ते आम्हांला याहूनही थोर वाटतात. त्यांचे साहित्य होते नाते.

ज्या कुंकळ्ळीची करुण कहाणी वर सांगितली, त्या कुंकळ्ळीची देवी शांतादुर्गा तेव्हा फातर्प्याला गेली. आजही तिला ‘कुंकळ्ळीकरीण’ म्हणूनच ओळखतात. दरवर्षी फाल्गुन महिन्यात ती मिरवणुकीने आपल्या मूळ गावी येते. गावच्या बारा वांगडांच्या, म्हणजे मूळ घराण्यांच्या, नावाने रंगीबेरंगी छत्र्या नाचवीत आणल्या जातात. गुलालाने रस्ते लाल होतात. या उत्सवाला ‘सोंत्र्यो’ म्हणतात. त्यात हिंदू असतात तसे ख्रिस्तीही असतात. कारण धर्म बदलला तरी वांगड बदलला नाही, अशी तेथील गांवकरांची धारणा आहे. विचार करा, ज्या गावात देवीला निघून जावे लागले, त्याच गावात ती दरवर्षी येते, आणि तिच्या वाटेवर दोन्ही धर्मांची माणसे उभी असतात. येथे कोणी १५८३ साल विसरलेले नाही. त्या गांवकरांचे स्मरण गाव अभिमानाने करतो. आठवण ठेवूनही एकत्र उभे राहता येते, हे कुंकळ्ळीने आपल्याला शिकविले.

दुसरे उदाहरण बारदेशातले. म्हापशाच्या चर्चमधील मिलाग्र सायबिणीचे फेस्त ईस्टरनंतरच्या तिसऱ्या सोमवारी भरते. हे चर्च १५९४ साली स्थापन झाले. या फेस्ताला हिंदू भाविक मोठ्या संख्येने येतात आणि सायबिणीला तेल वाहतात. याच सुमारास, वैशाख शुद्ध पंचमीला, डिचोली तालुक्यातील शिरगावला लइराई देवीची जत्रा असते. व्रतस्थ धोंड पहाटे निखाऱ्यांवरून चालतात, ते याच जत्रेत. लोकांची श्रद्धा अशी की मुळगावची केळबाई, मयेची महामाया, मोरजेची मोरजाई, शिरगावची लइराई अशा ज्या सात बहिणी, त्यांतलीच एक मीराबाई म्हापशाला जाऊन मिलाग्र सायबीण झाली. शिरगावहून म्हापशाला तेल जावे आणि म्हापशाहून शिरगावला फुले यावीत, अशी या बहिणींच्या देवघेवीची परंपरा सांगतात.

पंडित म्हणेल, ही दंतकथा आहे. धर्मशास्त्रज्ञ म्हणेल, माता मरिया आणि लइराई यांची सांगड बसत नाही. दोघांचेही म्हणणे आपापल्या ठिकाणी बरोबर आहे. पण दंतकथा रचणाऱ्या त्या अनामिक माणसाने काय साधले, ते पाहा. दोन देवता एकच आहेत, असे तो म्हणाला नाही; तसे म्हटले असते तर दोघींच्याही भक्तांना ते रुचले नसते. एक खरी व दुसरी खोटी, असेही म्हणाला नाही. त्या बहिणी आहेत, असे म्हणाला. बहिणींची घरे निराळी असतात. सासरे निराळी, रीतिरिवाज निराळे, जेवणाचा बेतही निराळा. कधी त्यांचे भांडण होते, अबोला धरतात. पण सणाला बहिणीकडून काही आले नाही, तर जीव कासावीस होतो. ‘सहिष्णुता’ हा मोठा शब्द ज्याने कधी ऐकला नसेल, त्या खेडुताने तिच्याहून मोठी वस्तू शोधून काढली होती. सहिष्णुतेत आपण दुसऱ्याला सोसतो. नात्यात आपण त्याची वाट पाहतो.

तिसरे उदाहरण शिवोलीचे. तेथे नाताळाच्या सुमारास रात्री ‘झागोर’ होतो. गावचा राखणदार जो झागऱ्यो, त्याच्यापुढे हिंदू व ख्रिस्ती गावकरी मिळून गातात, नाचतात, सोंगे आणतात. कोणत्या घराण्याने काय करावयाचे, कोणाचा मान कोणता, हे परंपरेने ठरलेले आहे आणि त्यात दोन्ही समाजांची घराणी गुंतलेली आहेत. एका समाजाने अंग काढून घेतले तर झागोर अपुरा राहील. कमानीच्या पुलाची रचना विद्यार्थ्यांनी पाहिली असेल. कमानीचा एक अर्धा भाग एकटा उभा राहू शकत नाही, दुसराही नाही. पण दोन्ही भाग एकमेकांवर रेलतात आणि त्या रेलण्यानेच दोघांचाही भार तोलला जातो. शिवोलीचा झागोर ही तशी कमान आहे.

आता या तिन्ही-चारी उदाहरणांवरून पुलाची कृती काय ठरते, ते थोडक्यात पाहू. पहिली गोष्ट भाषा. दुसऱ्याच्या श्रद्धेचे शब्द त्याच्याच तोंडून, त्याच्याच अर्थाने ऐकून घेणे. दुसरी गोष्ट नाते. दुसऱ्याला ‘ते लोक’ न म्हणता त्याला काही तरी नाव देणे: शेजारी, वांगडी, बहीण. तिसरी गोष्ट देवघेव. आणि ती ठरलेल्या दिवशी, न चुकता. मन असेल तेव्हा केलेली देवघेव ही मेहेरबानी होते. तिथी धरून केलेली देवघेव हे कर्तव्य होते, आणि कर्तव्य रागाच्या दिवसांतही पार पाडले जाते. चवथीला शेजारच्या ख्रिस्ती घरी नेवऱ्या जातात, नाताळला तिकडून दोदोल-बिबिंकेचे ताट येते, हा आमच्या खेड्यांतला साधा रिवाज. त्याचे सामर्थ्य त्याच्या नियमितपणात आहे. बांधावरून दोन घरांत बोलाचाली झाली असली तरी ताट जाते. आणि रिकामे ताट परत देऊ नये म्हणून त्यात मूठभर काही तरी घालून ते परत येते. पुष्कळ भांडणे त्या मूठभर साखरेने मिटलेली आम्ही पाहिली आहेत. चौथी गोष्ट सत्य. जे घडले ते दोन्ही बाजूंनी मान्य करणे. खाली पोकळी ठेवून बांधलेला खांब पहिल्याच पुरात खचतो.

आणि पाचवी गोष्ट डागडुजी. पणजी व रायबंदर यांना जोडणारा दगडी पूल १६३३–३४ साली बांधला गेला. सुमारे तीन किलोमीटर लांबीचा तो रस्ता आजही वाहता आहे; आम्ही त्यावरून कितीदा तरी गेलो आहोत. गोवा १९६१ साली मुक्त झाल्यावर पणजीजवळ मांडवीवर नवा, उंच, देखणा पूल झाला. त्याच्या पोटातील पोलादी तारा दमट खाऱ्या हवेत गंजत होत्या. ५ जुलै १९८६ रोजी तो पूल कोसळला. तेव्हा त्याला वीस वर्षेदेखील पुरी झाली नव्हती, आणि माणसांना पुन्हा होडीच्या आधाराने नदी ओलांडावी लागली. गंज बाहेरून दिसत नाही, आवाज करीत नाही. माणसामाणसांतील पुलालाही असाच गंज चढतो. शेजाऱ्याच्या सणाला जाणे एका वर्षी राहून जाते, दुसऱ्या वर्षी संकोच वाटतो, तिसऱ्या वर्षी कारण आठवत नाही. मग केव्हा तरी एखादी अफवा येते, आणि तिचा भार पेलण्याइतका पूल उरलेला नसतो. कोणी मुद्दाम पाडला नाही, तरी तो पडतो.

विद्यार्थी मित्रहो, ही डागडुजी करावयास विद्वान असावे लागत नाही. मित्राच्या घरी प्रार्थना चालू असेल तर क्षणभर शांत उभे राहावे. त्याच्या सणाचे नाव नीट उच्चारावे. त्याच्या घरी कोणी वारले तर, तेथे काय करावयाचे हे ठाऊक नसले तरी, जाऊन बसावे. आणि समजले नाही ते त्यालाच विचारावे. त्याच्याविषयी तिसऱ्याला विचारू नये. आपली श्रद्धा पातळ करून दुसऱ्याच्या श्रद्धेत मिसळण्याची यात मुळीच आवश्यकता नाही. आपल्या काठावर पाय घट्ट रोवलेला असेल, त्यालाच दुसऱ्या काठाकडे हात पुढे करता येतो.

त्या प्रश्नानंतर आठवड्याभराने आम्ही हे सारे वर्गात सांगितले. मागच्या बाकावरील तो विद्यार्थी लक्षपूर्वक ऐकत होता. शेवटी तो उभा राहिला आणि म्हणाला, “पण सर, देवळे पाडली हे खरे ना?”

“खरे,” आम्ही म्हणालो.

“मग ठीक,” असे म्हणून तो बसला. आम्हांला वाटते, त्याला एवढेच हवे होते. आपले दुःख कोणी तरी खरे मानावे, ही त्याची मागणी होती. ती पुरी झाल्यावर पुढचे ऐकण्यास त्याची हरकत नव्हती.

तेव्हा ती ख्रिस्ती विद्यार्थिनी, जी वर्गात फारशी बोलत नसे, हळूच म्हणाली, “सर, माझी आजी कुंकळ्ळीची. तिच्या माहेरचा वांगड त्या बारांतला. छत्र्या येतात त्या दिवशी ती सकाळपासून दारात उभी असते.”

सगळा वर्ग तिच्याकडे वळून पाहू लागला. त्या मुलाने विचारले, “कोणती छत्री तुमची?”

ते तिला ठाऊक नव्हते. आजीला विचारून सांगते, असे ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकाशी तो मुलगा तिची वाट पाहत उभा असलेला आम्ही पाहिला. दोघे बोलत बोलत वर्गाकडे गेली. काय बोलणे झाले, ते आम्ही विचारले नाही. पूल वाहता झाला म्हणजे शिक्षकाने बाजूला उभे राहावे, हे बरे.